तिसरी क्लच प्लेट: मारुती ८०० चा गिअरबॉक्स अंगणात उतरवला तेव्हा

साखरप्याकडून आंबा घाट चढत होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. वरच्या वळणांवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, गाडी मात्र होती त्याच वेगानं चालायची. मग वास आला. जळक्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतलाय, त्याला दुसऱ्यांदा कुणी सांगावं लागत नाही. मागच्या सीटवरून आप्पा म्हणाले, "परत प्लेट गेली वाटतं."

हे सगळं प्रकरण त्या 'परत'चं आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लच प्लेट हा झिजणारा भाग आहे, ती जाणारच. पण दर वेळी आधीपेक्षा लवकर जात असेल, तर दोष प्लेटमध्ये नसतो. गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय तो दिसत नाही, आणि गिअरबॉक्स खाली घेतल्यावरही पाहणाऱ्यानं पाहिलं तरच दिसतो.

गाडी २००६ ची मारुती ८००, चार गिअरांची, आप्पांनी नवीकोरी घेतलेली. हिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण कोल्हापुरात हिचा कुठलाही सुटा भाग अजून सहज मिळतो. आप्पांची एक सवय या कामात सगळ्यात मोठं हत्यार ठरली. गाडीवर झालेला प्रत्येक खर्च ते वहीत लिहितात: तारीख, किलोमीटर, रक्कम. घरी आल्यावर दादानं ती वही काढली. मूळ क्लच ७४,००० किलोमीटर चालला होता. शहरातल्या वापराला ते ठीकच. दुसरी प्लेट १९,००० चालली. तिसरी, म्हणजे आता गेलेली, जेमतेम ११,०००. शिवाय दुसऱ्या प्लेटच्या काळापासून वहीत एक नोंद वरचेवर दिसत होती: 'इंजिन ऑइल अर्धा लिटर टाकले'. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल घालावं लागत होतं. ते जात कुठं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

गाडी एका गॅरेजवर दाखवली. "सकाळी लावा, संध्याकाळी प्लेट बसवून देतो," असं उत्तर मिळालं. दादानं इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलचं, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीचं विचारलं, तर म्हणे त्याची काही गरज नाही. दादा फाउंड्रीत फिटर आहे. परतताना एवढंच म्हणाला, "मग चौथी प्लेट किती दिवस चालंल?" काम घरी करायचं तिथंच ठरलं.

उघडण्याआधी काय काय पाहिलं

पहिली गोष्ट केबल. या गाडीचा क्लच केबलवर चालतो. पेडल बोटानं दाबलं तर सुरुवातीची थोडी चाल मोकळी जायला हवी. ती नसेल, म्हणजे केबल ताणलेली असेल, तर पाय काढल्यावरही प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) पूर्ण दाब देत नाही आणि क्लच अगदी असाच घसरतो. तेव्हा केबलचा नट थोडा सैल करण्याचं पाच मिनिटांचं काम असतं. आमची चाल मोकळी होती, म्हणजे ही शंका बाद. दुसरी चाचणी सपाट जागेवरची. समोर कुणी नाही हे बघून हँडब्रेक ओढला, पायब्रेकही दाबून धरला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. चांगल्या क्लचवर इंजिन तिथंच गुदमरून बंद पडतं. आमचं दोनतीन सेकंद तसंच फिरत राहिलं. ही चाचणी एकदाच करावी, कारण तेवढ्या वेळातही प्लेट तापते.

मग खालून. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात त्या घंटेसारख्या भागाला बेल हाउसिंग म्हणतात. त्याच्या तळाशी एक छोटी फट असते. तिथं काळा थेंब लोंबत होता. आता हे ऑइल कुठलं? दोनच शक्यता. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या मागच्या सीलमधून आलेलं इंजिन ऑइल, नाहीतर इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा हाताला लागला तर साबणानंही जात नाही. आमच्या थेंबाला तसा वास नव्हता. बोटावर चोळला तर काळा, पातळ. इंजिन ऑइलच.

तरी एक फसगत शक्य होती. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं असेल तर वरून ओघळलेलं ऑइल फिरत फिरत त्याच फटीपाशी येतं, आणि माणूस विनाकारण गिअरबॉक्स उतरवतो. म्हणून इंजिनाची मागची बाजू डिझेलनं धुतली, कोरडी पुसली आणि त्यावर घरातली टाल्कम पावडर भुरभुरली. रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. वरची पावडर पांढरीशुभ्र राहिली, ओली झाली ती फक्त फटीपाशी. एवढ्या साध्या उपायानं इतकं नेमकं उत्तर मिळतं, तरी गॅरेजमध्ये कुणी हे करताना मी पाहिलेलं नाही.

उंची आणि आधार

घरी गिअरबॉक्स काढणं म्हणजे मुख्यतः दोन प्रश्न सोडवणं. गाडी उंच आणि पक्की कशी धरायची, आणि गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिन कशावर टेकवायचं? नट-बोल्ट खोलणं त्या मानानं सोपं.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. स्टँडचे लोखंडी पाय थेट फरशीवर ठेवले तर वजनानं फरशी तडकून पाय रुतू शकतो, म्हणून खाली जुन्या दाराच्या जाड फळ्या घातल्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. पुढचा भाग जॅकनं उचलून चासीच्या मजबूत जागी दोन स्टँड दिले, आणि काढलेली दोन्ही चाकं दारांखाली बॉडीच्या कडेला आडवी सरकवली. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. मग दादानं गाडी बंपरला धरून जोरात हलवली. हलवून बघितल्याशिवाय खाली कुणी शिरायचं नाही, हा त्याचा नियम. गाडी लहान असली तरी साडेसहाशे किलोच्या आसपास भरते. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊन माणसं गेलेली आहेत. इथं घाई करणाऱ्यानं हे काम हातातच घेऊ नये.

इंजिनाच्या आधारासाठी दोन इंची जीआय पाइप बॉनेटखालच्या दोन्ही कडांवर लाकडी ठोकळे ठेवून आडवा टाकला आणि इंजिनाच्या हुकाला साखळीनं बांधला. गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग सुटलं की इंजिन त्या बाजूला झुकतं. साखळी ते झुकणं थांबवते. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली फळी घालून दुसरा जॅक नुसता टेकवून ठेवला. फळी नसेल तर जॅकचं टोक पत्र्याच्या चेंबरला खड्डा पाडतं.

उंची मात्र आम्ही चुकलो. त्याबद्दल पुढं सांगतो.

उतरवणं

बॅटरी आधी, कारण स्टार्टरच्या जाड वायरला सतत करंट असतो. मग बॅटरीचा ट्रे, क्लच केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर. खालून गिअरचे दोन्ही रॉड. गिअर ऑइल काढून घेतलं.

एक्सलसाठी, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यासाठी, चाकाच्या मधला मोठा नट खोलावा लागतो असं बरेच जण समजतात. आम्ही त्याला हातच लावला नाही. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढला, आर्म खाली दाबला, अख्खी नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेरच्या बाजूला झुकवली आणि एक्सलचं आतलं टोक गिअरबॉक्समधून सुटं केलं. हे करताना दांड्याला धरून ओढायचं नाही. ओढलं तर जॉइंट आतल्या आत निसटतो आणि त्यावरचं रबरी बूट उघडून सगळं परत जुळवत बसावं लागतं. जॉइंट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉमी (छोटी पहार) घालून एकच झटका द्यायचा, एक्सलला आत धरून ठेवणारी सर्कलिप नावाची कडी सुटते. सुटा झालेला एक्सल लोंबत ठेवायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा.

बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढला, त्या त्या जागी भोक पाडलं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट तिथंच खोचला. आठवडाभरानं जोडताना या पुठ्ठ्यानं जेवढा वेळ वाचवला, तेवढा मोबाइलवरच्या फोटोंनी वाचवला नाही.

सगळे बोल्ट निघाले तरी गिअरबॉक्स जागचा हलेना. तो दोन डॉवेल पिनांवर, म्हणजे जागा जुळवणाऱ्या खुंट्यांवर बसतो आणि त्या गंजून धरतात. मी मोठा स्क्रूड्रायव्हर फटीत घालायला गेलो, दादानं हात धरला. हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, जोडाच्या सपाट कडेवर पडलेला ओरखडा कायमचा राहतो. त्यानं लाकडाची पाचर केली, दोन्ही बाजूंना आळीपाळीनं हळू ठोकली. गिअरबॉक्स सुटला. तो ट्रॉली जॅकवर तोलून सरळ रेषेत मागं घ्यायचा असतो. इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येण्याआधी त्याचं वजन शाफ्टवर लोंबलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो. जुनी प्लेट टाकायचीच होती, पण नवी बसवताना हीच काळजी उलट्या क्रमानं घ्यावी लागते. म्हणून ती सवय उतरवतानाच लावून घेतली.

आणि इथं उंचीची चूक समोर आली. जॅकवर बसलेला गिअरबॉक्स पुढच्या आडव्या पट्टीखालून बाहेर येईना, दोन इंच कमी पडत होते. गाडी आणखी उचलू, असं मी म्हणालो. दादा ठाम होता: खाली सुटं वजन असताना स्टँडवरची गाडी हलवायची नाही. मग लक्षात आलं की अडचण जॅकच्या स्वतःच्या उंचीची आहे. दोघांनी मिळून गिअरबॉक्स जॅकवरून खाली गोणपाटावर उतरवला, जॅक काढून घेतला आणि गोणपाट ओढत गिअरबॉक्स बाहेर आणला. बसवताना आधीच गाडी चार इंच जास्त उचलून घेतली. जो कुणी हे करणार असेल त्यानं जमिनीपासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर, बेल हाउसिंगची उभी उंची आणि जॅकची बसकी उंची, हे तिन्ही आकडे गाडी उचलतानाच मोजावेत.

आत काय होतं

प्रेशर प्लेट सोडवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दादानं टॉर्च मारला आणि आम्ही दोघं काही न बोलता बघत राहिलो. प्लेटच्या अस्तरावर काळी, काचेसारखी चमक होती. दादानं व्हर्नियर घेतला आणि अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजली. ही खोली अर्ध्या मिलिमीटरवर आली की प्लेट संपली असं धरतात. आमच्या प्लेटवर एक मिलिमीटर शिल्लक होता. म्हणजे प्लेट झिजलेलीच नव्हती! तिनं ऑइल पिलं होतं. ऑइल पिलेलं अस्तर तापलं की ते ऑइल जळून त्यावर गुळगुळीत थर बसतो, मग प्रेशर प्लेटनं कितीही दाबलं तरी पकड येत नाही. धुऊन, घासून तो जात नाही. ऑइल आतपर्यंत मुरलेलं असतं.

बेल हाउसिंगमध्ये, इनपुट शाफ्टच्या मुळाशी कोरडं होतं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चकतीच्या मागून मात्र ओघळ खाली आलेले. फ्लायव्हील काढल्यावर क्रँकचं मागचं सील दिसलं. त्याची रबरी कड नखानं दाबली तर बांगडीसारखी कडक. वहीत कुठंही सील बदलल्याची नोंद नव्हती. दोनदा गिअरबॉक्स उतरला होता, दोन्ही वेळा ते सील फ्लायव्हीलच्या मागंच होतं, दोन्ही वेळा त्याच्यासमोर नवी प्लेट ठेवून झाकण लावलं गेलं. गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढं सीलची किंमत किरकोळ असते. याचा मला राग आला आणि अजूनही येतो. पैसे आप्पांच्या पेन्शनमधून गेले होते.

आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारायची नाही. जुन्या क्लच-ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरला जायचा, आणि आपल्या हातातल्या भागात तो आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

फ्लायव्हीलवर तापल्याचे निळसर डाग होते, पण नख अडकेल अशी चीर नव्हती. बारीक एमरी पेपरनं गोल गोल घासून चमक मोडली. चिरा असत्या तर लेथवर न्यावं लागलं असतं.

सील काढताना क्रँकला ओरखडा येणार नाही असं बघितलं. तरी क्रँकवर जुन्या सीलनं पाडलेली बारीक खाच नखाला लागत होती. नवं सील त्याच जागी बसवलं तर त्याची कड त्याच खाचेत फिरणार. म्हणून दादानं ते दीड मिलिमीटर आत बसवलं, मागं ऑइल परत जाण्याची वाट झाकली जात नाही हे बघून. कडेला ऑइल लावून, लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत.

सील का गेलं, हाही प्रश्न होताच. वय आणि उष्णता ही कारणं आहेतच. पण टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढला तर आत काळा चिखल भरलेला. इंजिनातल्या वाफांना बाहेर पडायला वाट नसेल तर आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वात कमजोर सीलमधून वाट काढतं. पाइप साफ केला. हे राहिलं असतं तर नवं सीलही कदाचित लवकर गेलं असतं.

जोडणी

नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि फ्लायव्हीलच्या मध्यातलं छोटं बेअरिंग घेतलं. सील आणि दोन्ही ऑइल धरून खर्च साडेचार हजारांच्या आत राहिला. रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नये. त्यात ग्रीस कायमचं भरलेलं असतं, ते निघून जातं.

प्लेट बरोबर मध्यावर बसवणं हा जोडणीतला कळीचा भाग. प्रेशर प्लेट घट्ट होईपर्यंत ती मोकळी असते, आणि एकदा घट्ट झाली की आहे तिथंच अडकते. मध्यापासून जरा सरकली असेल तर शाफ्ट आत जाणार नाही. यासाठी डोळ्यांवर भरवसा ठेवणारे मिस्त्री आहेत, त्यांना ते जमतंही. आम्ही उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. छोटं बेअरिंग आणि प्लेट दोन्ही पुढ्यात ठेवली. "कशाला पाहिजे ते कळलं, बसा," म्हणाले आणि नायलॉनच्या दांड्यावर दोन मापं काढून दिली, टोकाचं बेअरिंगच्या भोकाचं, मागचं प्लेटच्या आतल्या दात्यांचं. चहा येईपर्यंत काम झालं होतं. पैसे घेतले नाहीत.

प्लेटची स्प्रिंगा असलेली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, दर वेळी थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं आणि गाडी सुटताना थरथरते.

गिअरबॉक्स वर चढला, शाफ्ट आत गेला, आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर अडला. बोल्ट समोर दिसत होते, लावून आवळले असते तर जोड बंद झाला असता असंच वाटतं. याच क्षणी हाउसिंगचे बोल्ट बसायचे कान तुटतात. दादा खाली गिअरबॉक्सला खांदा लावून होता. मी पुढून पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक अगदी थोडी फिरवली. दाते जुळले, 'टक्' आवाज आला आणि गिअरबॉक्स हातानंच बसला. त्यानंतरच बोल्ट लावले.

बाकी जोडणी पुठ्ठा बघून. बॉल जॉइंटच्या दांड्याला खाच असते. ती बोल्टच्या भोकासमोर आली नाही तर बोल्ट आत जात नाही, तिथं ठोकाठोक करायची नाही. एक्सल आत ढकलल्यावर सर्कलिप बसल्याची खात्री जॉइंटच्या अंगाला ओढून केली. गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या कडेशी येईपर्यंत भरलं, इंजिन ऑइलची पातळी बघितली, केबलची मोकळी चाल लावली. दोन शनिवार-रविवार गेले. मधल्या आठवड्यात गाडी स्टँडवरच उभी होती, आणि शेजारच्या पोरांना त्या बाजूला फिरकायची सक्त मनाई होती.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हे एकट्यानं करायचं काम नाही, गिअरबॉक्स वर चढवताना दुसरा माणूस लागतोच. आणि मारुती ८०० वर जमलं म्हणून कुठल्याही गाडीवर जमेल असं नाही. ज्या गाड्यांत रिलीज बेअरिंग हायड्रॉलिक असून गिअरबॉक्सच्या आत बसवलेलं असतं, किंवा पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची जोडचौकट) उतरवल्याशिवाय गिअरबॉक्स निघत नाही, त्या अंगणात उघडू नयेत.

पहिले तीनचारशे किलोमीटर गाडी जपून चालवली, चढावर हाफ क्लचवर धरली नाही. नंतर आप्पांना घेऊन पुन्हा साखरप्याला गेलो आणि आंबा घाट चढून आलो. या खेपेला ते पुढच्या सीटवर बसले होते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की त्यांचं लक्ष स्पीडोमीटरच्या काट्याकडे जायचं. काटा चढत होता.

आता ४,२०० किलोमीटर झाले आहेत. परवा फटीपाशी परत पावडर मारून बघितली, कोरडी आहे. वहीत वरून ऑइल टाकल्याची नोंद त्यानंतर नाही. डाव्या एक्सलच्या सीलपाशी मात्र गिअर ऑइलचा ओलसरपणा दिसतोय. एक्सल काढताना की बसवताना त्याच्या दात्यांनी सीलची कड दुखावली असावी. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. नवं सील आणून ठेवलंय, पावसाळ्याआधी बदलायचं आहे.